कावीळ उतरली, पण यकृताचे काय?

तालुक्याच्या गावी दवाखाना चालवताना एक वाक्य मी वर्षानुवर्षे ऐकत आलो आहे : “कावीळ उतरवून आणली, डॉक्टर, आता ताकदीचे काहीतरी लिहून द्या.” सांगणाऱ्याच्या चेहऱ्यावर सुटकेचा भाव असतो आणि बहुतेक वेळा तो सार्थही असतो, कारण डोळ्यांचा पिवळेपणा खरोखरच ओसरलेला असतो. मात्र तो पिवळेपणा कशामुळे आला होता, हे त्या रुग्णाला कोणी सांगितलेले नसते आणि त्यानेही ते विचारलेले नसते. कावीळ हा स्वतंत्र आजार नाही. तापाप्रमाणे तेही एक लक्षण आहे, आणि त्यामागे काही आठवड्यांत आपोआप मिटणाऱ्या संसर्गापासून स्वादुपिंडाच्या कर्करोगापर्यंत काहीही असू शकते. त्याहून गंभीर बाब अशी की, यकृताचे जे आजार माणसाला वर्षानुवर्षे आतून पोखरत असतात, त्यांत डोळे पिवळे होतात ते बहुधा अगदी शेवटी. पिवळेपणा दिसला की यकृताची चिंता करायची आणि तो गेला की ती सोडून द्यायची, ही आपल्याकडची सवय मला धोक्याची वाटते. म्हणून हा लेख.

आधी पिवळेपणा येतो कुठून ते पाहू. रक्तातील तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात. त्या मोडल्या की त्यांतील हिमोग्लोबिनपासून बिलिरुबिन नावाचे पिवळे द्रव्य तयार होते. ते पाण्यात विरघळत नाही, म्हणून अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटून ते यकृतापर्यंत पोहोचते. तेथे यकृताच्या पेशी त्यावर प्रक्रिया करून त्याला विद्राव्य करतात आणि पित्तातून आतड्यात सोडतात. शौचाला जो तपकिरी रंग असतो, तो याच द्रव्याच्या पुढच्या रूपांतरामुळे येतो. रक्तात एकूण बिलिरुबिन सामान्यतः दर १०० मिलिलिटरला सुमारे १ मिलिग्रॅमपर्यंत असते. ते अडीच-तीनच्या पुढे गेले की डोळ्यांच्या पांढऱ्या भागावर पिवळी झाक दिसू लागते. ती दिवसाच्या उजेडात पाहावी, कारण पिवळ्या दिव्याखाली ती सहज नजरेतून सुटते. कावीळ झालेल्याला सगळे जग पिवळे दिसते अशी म्हण आपल्याकडे आहे खरी, पण प्रत्यक्षात रुग्णाला जग नेहमीसारखेच दिसते, आणि त्याचा स्वतःचा पिवळेपणा बहुधा घरच्या कोणीतरी त्याला दाखवून द्यावा लागतो.

काविळीच्या रुग्णाला मी सर्वांत आधी लघवीचा आणि शौचाचा रंग विचारतो. हा प्रश्न विचारताना रुग्ण संकोचतात, परंतु त्याच्या उत्तरात अर्धे निदान असते. तांबड्या पेशी प्रमाणाबाहेर मोडत असतील, तर वाढलेले बिलिरुबिन प्रक्रिया न झालेले असते. ते मूत्रपिंडातून गाळले जात नाही, त्यामुळे डोळे पिवळे असूनही लघवीत बिलिरुबिन उतरत नाही. मलेरियात आणि सिकलसेल आजारात अशी कावीळ दिसते. विदर्भात, नंदुरबारकडे आणि गडचिरोलीत काम करणाऱ्या डॉक्टरांना ती चांगली परिचयाची आहे. यकृताच्या पेशींनाच सूज आली असेल, तर प्रक्रिया झालेले बिलिरुबिन रक्तात परत येते आणि लघवी गर्द पिवळी होते. पित्ताचा मार्गच बंद झाला असेल, तर लघवी आणखी गडद होते, शौच पांढरट-मातकट होते आणि अंगाला असह्य खाज सुटते. यातही वेदनेकडे लक्ष द्यावे लागते. उजव्या बरगडीखाली कळा येऊन, थंडी वाजून ताप आला असेल तर पित्तनलिकेत खडा अडकून तेथे जंतुसंसर्ग झाल्याची शंका घ्यावी लागते, आणि ती तातडीची अवस्था असते. याउलट साठीच्या माणसाला काहीही न दुखता कावीळ चढत गेली, वजन घटले, खाज सुटली, तर स्वादुपिंडाच्या डोक्याचा किंवा पित्तनलिकेचा कर्करोग नाही ना, हे आधी तपासले पाहिजे. अशा रुग्णाचे दोन महिने झाडपाल्यात गेले की शस्त्रक्रियेची संधी हातातून जाऊ शकते. हे मी पाहिले आहे आणि त्याचे दुःख मला अजूनही आहे.

काही काविळी निरुपद्रवी असतात, तेही सांगायला हवे. गिल्बर्ट सिंड्रोम नावाच्या आनुवंशिक स्थितीत बिलिरुबिनवर प्रक्रिया करणारे विकर थोडे मंद असते. उपवास, जागरण, ताप किंवा दगदग झाली की अशा माणसाचे डोळे किंचित पिवळे होतात आणि पुन्हा निवळतात. यकृताच्या इतर सर्व चाचण्या व्यवस्थित असतात. त्याला कोणत्याही औषधाची गरज नसते. नवजात बाळाची दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिसणारी सौम्य कावीळही बहुधा नैसर्गिक असते. मात्र जन्मानंतर पहिल्या २४ तासांतच ती दिसली, किंवा दोन आठवड्यांनंतरही टिकून राहिली आणि बाळाची शी पांढरट होऊ लागली, तर एक दिवसही वाट पाहू नये. कोवळ्या उन्हात बाळाला धरून बसणे हा तेव्हा उपचार ठरत नाही.

आता आपल्या गावांत सर्वाधिक दिसणाऱ्या काविळीकडे येतो. हिपॅटायटिस ए आणि हिपॅटायटिस ई हे दोन विषाणू दूषित पाण्यातून आणि अन्नातून पसरतात. सांडपाणी पिण्याच्या पाण्यात मिसळले की काय होते, याचे सर्वांत मोठे उदाहरण दिल्लीत १९५५-५६ साली घडले. यमुनेच्या पाण्यात मैला मिसळला आणि सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. जपून ठेवलेल्या रक्तनमुन्यांच्या तपासणीतून पुढे कितीतरी वर्षांनी कळले, की तो हिपॅटायटिस ए नव्हता, तर तेव्हा अज्ञात असलेला दुसराच विषाणू होता. त्यालाच आज आपण ई म्हणतो. २०१२ साली इचलकरंजीतही याच विषाणूची मोठी साथ आली होती. हा विषाणू बहुतेकांना काही आठवडे अंथरुणावर खिळवून सोडून देतो, पण गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत तो फार घातक ठरतो. अशा बाधित स्त्रियांमधील मृत्यूचे प्रमाण २० टक्क्यांपर्यंत गेल्याचे अनेक साथींमध्ये दिसले आहे. घरात गरोदर बाई असेल आणि गावात काविळीची साथ असेल, तर तिच्यासाठी पाणी उकळूनच द्यावे, आणि तिचे डोळे पिवळे दिसले तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात न्यावे.

हे दोन्ही विषाणू बहुतेक रुग्णांत स्वतःहून जातात. त्यांना मारणारे नेहमीचे औषध नाही आणि बहुतेकांना त्याची गरजही पडत नाही. कावीळ उतरवणाऱ्याचे यश नेमके येथून येते. डोळे पिवळे व्हायला लागतात तेव्हा आजाराचा पहिला जोर, म्हणजे ताप, मळमळ, अन्नावरची वासना उडणे, हे बहुधा ओसरू लागलेले असते. त्या सुमारास गळ्यात वनस्पतीच्या काड्यांची माळ पडते, नाकात देवडांगरीचे थेंब पडतात, नाहीतर हात चुन्याच्या पाण्यात धुतले जातात. आंब्याच्या सालीचा रस हाताला लावून ते हात चुन्याच्या पाण्यात बुडवले की पाणी पिवळे होते. निरोगी माणसाने हात बुडवले तरी ते पिवळेच होईल. माळेतल्या ओल्या काड्या वाळून आकसल्या की दोऱ्याची गाठ सैल होते आणि माळ लांबत जाते. नाकातून येणारा पिवळा स्राव हा थेंबांनी नाकाच्या आतल्या त्वचेची आग झाल्यामुळे येतो, बिलिरुबिन बाहेर पडल्यामुळे नव्हे. ही माणसे सगळीच लबाड असतात असे मी म्हणणार नाही. अनेक जण पैसेही घेत नाहीत आणि त्यांचा आपल्या विद्येवर मनापासून विश्वास असतो. परंतु दहा जणांच्या आपोआप बऱ्या होणाऱ्या काविळीमुळे जो विश्वास तयार होतो, त्याच विश्वासाने अकरावा रुग्ण येतो, आणि त्याच्या पित्तनलिकेत गाठ असते, किंवा त्याचे यकृत झपाट्याने निकामी होत असते.

झपाट्याने निकामी होणारे यकृत ओळखण्याच्या खुणा घरच्यांना माहीत असाव्यात. काविळीचा रुग्ण दिवसा झोपू लागला आणि रात्री जागा राहू लागला, असंबद्ध बोलू लागला, ओळखीच्या माणसांची नावे विसरू लागला, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त येऊ लागले, उलट्या थांबेनात, तर बिलिरुबिनचा आकडा कितीही असो, त्याला अतिदक्षता विभाग असलेल्या रुग्णालयात हलवावे. येथे मला एक गोष्ट आग्रहाने सांगायची आहे. रुग्णाचे नातेवाईक बिलिरुबिनचा आकडा पाठ करतात; ‘अठरावर गेली, आता बारावर आली’ असे सांगतात; पण यकृत काम करते आहे की नाही हे त्याहून चांगले सांगते ती रक्त गोठण्याच्या वेळेची चाचणी, जिला प्रयोगशाळेच्या कागदावर पीटी-आयएनआर म्हणतात. रक्त गोठवणारी बहुतेक प्रथिने यकृतच तयार करते, म्हणून हा आकडा वाढू लागला तर बिलिरुबिन कमी होत असले तरी समाधान मानता येत नाही.

पथ्याच्या बाबतीतही बरेच नुकसान होते. कावीळ झाली की हळद, तेल, डाळ, दूध बंद होते आणि रुग्ण फुटाणे, बत्तासे व उसाच्या रसावर राहतो. हळदीच्या पिवळ्या रंगाचा काविळीशी काहीही संबंध नाही. मळमळ असेपर्यंत तेलकट पदार्थ नकोसे वाटतात, तेव्हा ते टाळावेत, इतकेच. उसाच्या रसातून साखर मिळते हे खरे. पण रस्त्याकडेच्या गुऱ्हाळातील बर्फ आणि ग्लास विसळायचे पाणी यांतूनच हिपॅटायटिस ए आणि ई पसरू शकतात. जुलाब-उलट्यांच्या दिवसांत रिकाम्या पोटी झाडपाल्याचे काढे घेणे तर अधिकच वाईट. वनस्पतीजन्य आहे म्हणजे यकृताला निर्धोक आहे असे नसते. २०२१ साली मुंबईतील यकृततज्ज्ञांनी गुळवेलीच्या सेवनानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली, तेव्हा आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षाला हरकत घेतली होती. वाद राहो, परंतु यकृताला सूज असताना कोणताही अनावश्यक पदार्थ, मग तो गोळी असो वा काढा, टाळणे हेच शहाणपणाचे. आधुनिक औषधेही यातून सुटत नाहीत. क्षयरोगाच्या आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन आणि पायराझिनामाइड या तिन्ही औषधांनी काही रुग्णांच्या यकृताला इजा होते; म्हणून क्षयाचे उपचार चालू असताना मळमळ किंवा कावीळ सुरू झाली तर ते लगेच डॉक्टरांना सांगावे.

येथपर्यंतचे सारे अचानक येणाऱ्या आजारांविषयी झाले. यकृताचा आजार सहा महिन्यांपेक्षा जास्त टिकला की त्याला दीर्घकालीन म्हणतात, आणि त्याचे स्वरूप वेगळे असते. त्यात कित्येक वर्षे काहीच दुखत नाही, काहीच पिवळे होत नाही. लोक ज्याला पांढरी कावीळ म्हणतात, तो हिपॅटायटिस बी रक्तदानाच्या वेळी, गरोदरपणाच्या तपासणीत किंवा शस्त्रक्रियेपूर्वीच्या चाचणीत योगायोगाने सापडतो. प्रौढ वयात संसर्ग झाला तर शरीर बहुधा विषाणू घालवून देते आणि ५ टक्क्यांहून कमी लोकांत तो कायमचा राहतो. मात्र जन्माच्या वेळी आईकडून बाळाला झालेला संसर्ग सुमारे ९० टक्के बाळांत कायमचा टिकतो. म्हणूनच जन्मानंतर २४ तासांच्या आत देण्याच्या लसीला इतके महत्त्व आहे. आई बाधित असेल तर बाळाला लसीबरोबर तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शनही द्यावे लागते. एका ताटात जेवल्याने, मिठी मारल्याने, शेजारी झोपल्याने हा विषाणू पसरत नाही. तो रक्तातून, निर्जंतुक न केलेल्या सुयांतून व वस्तऱ्यांतून आणि लैंगिक संबंधांतून पसरतो. हे माहीत नसल्यामुळे मोडलेली लग्ने आणि स्वयंपाकघरातून बाजूला काढलेल्या सुना मी पाहिल्या आहेत, आणि असा अन्याय करण्याचा अधिकार कोणत्याही कुटुंबाला नाही. हिपॅटायटिस सी साठी लस नाही, पण १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी ९५ टक्क्यांहून अधिक रुग्णांतून तो विषाणू पूर्णपणे जातो. २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात या दोन्ही विषाणूंची तपासणी आणि औषधे सरकारी केंद्रांवर मोफत मिळतात. ही सोय असूनही लोक तेथे पोहोचत नाहीत, कारण डोळे पिवळे नसतात.

दारूविषयी सर्वांना माहीत असते, म्हणून थोडक्यात लिहितो. महागडी असो वा हातभट्टीची, यकृताला फरक पडतो तो एकूण किती अल्कोहोल पोटात गेले याचा. आणि यकृतावर व्रण पडल्यानंतरही दारू पूर्ण सोडली तर आयुष्य वाढते. दारूला कधीही न शिवलेल्यांचे यकृतही खराब होते, हे मात्र अनेकांना पटत नाही. पोटाचा घेर, मधुमेह आणि वाढलेले ट्रायग्लिसराइड यांच्यासोबत येणारी यकृतातील चरबी आज फार मोठ्या प्रमाणावर आढळते. सोनोग्राफीच्या अहवालात ‘फॅटी लिव्हर’ हे शब्द वाचून लोक कागद कपाटात ठेवून देतात. त्यांपैकी बहुतेकांना पुढे काही होत नाही, परंतु काहींच्या यकृतात सूज येते आणि हळूहळू तंतू वाढू लागतात. वय, दोन यकृतविकरांचे आकडे आणि प्लेटलेट यांवरून कोणाला जास्त धोका आहे याचा प्राथमिक अंदाज साध्या रक्तचाचणीतून घेता येतो. वजन ७ ते १० टक्के कमी केल्याने सूज कमी होते, आणि त्याची बरोबरी करणारी गोळी लिहून देण्याचा मोह मी टाळतो.

दीर्घकालीन आजाराचे कारण शोधल्याने काय साधते याचे एक उदाहरण आपल्या पुण्यातच घडले आहे. साधारण सहा महिने ते तीन-चार वर्षे वयाच्या मुलांमध्ये पोट फुगणे, चिडचिड, घट्ट झालेले व वाढलेले यकृत आणि शेवटी कावीळ व जलोदर अशा क्रमाने जाणारा एक आजार भारतात होता. त्याला भारतीय बालसिरॉसिस असे नाव पडले आणि बहुतेक मुले त्यातून वाचत नसत. या मुलांच्या यकृतात तांब्याचे प्रमाण अतिशय वाढलेले आढळत असे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. आनंद पंडित व डॉ. शीला भावे आणि ब्रिटनमधील डॉ. स्टुअर्ट टॅनर यांनी १९८०च्या दशकात या आजाराचा माग काढला, तेव्हा अनेक मुलांना अगदी लहान वयापासून कल्हई नसलेल्या पितळी किंवा तांब्याच्या भांड्यात तापवून ठेवलेले गाई-म्हशीचे दूध दिले जात असल्याचे दिसले. दुधातील केसीन तांबे धरून ठेवते आणि ते बाळाच्या यकृतात साठत जाते. सर्वच मुलांना हा आजार होत नसे, त्यामुळे काही आनुवंशिक कारणही असावे असे मानले गेले. शरीरातून तांबे बाहेर काढणारे पेनिसिलामिन हे औषध वेळेवर दिल्यास काही मुले वाचतात हे याच संशोधकांनी दाखवले. कल्हई केलेली किंवा स्टेनलेस स्टीलची भांडी घरोघर आली, अंगावरच्या दुधाविषयी जागृती झाली आणि हा आजार आज जवळपास नाहीसा झाला आहे. कोणत्याही माळेने हे घडले नसते.

यकृतावर वारंवार इजा होत राहिली की त्याची जागा व्रणांचे तंतू घेतात आणि मधेमधे गाठी तयार होतात. ही अवस्था म्हणजे सिरॉसिस. यकृताची राखीव क्षमता मोठी असल्यामुळे सुरुवातीला माणूस शेतात राबतो, नोकरी करतो आणि त्याला काहीही वाटत नाही. बारकाईने पाहिले तर मात्र खुणा दिसतात : छातीवर व खांद्यावर कोळ्याच्या पायांसारख्या पसरलेल्या बारीक लाल वाहिन्या, तळव्यांची लाली, पुरुषांत वाढलेली स्तनांची गाठ, दंडाचे व मांड्यांचे झिजलेले स्नायू. रक्ताच्या साध्या तपासणीत प्लेटलेट कमी येतात, कारण आतड्याकडून यकृताकडे येणाऱ्या शिरेतील दाब वाढतो, पांथरी मोठी होते आणि प्लेटलेट तिच्यात अडकतात. दर पावसाळ्यात प्लेटलेट कमी म्हणजे डेंग्यू असे समीकरण झाले आहे, त्यामुळे ही खूण सहज दुर्लक्षित राहते. ताप गेल्यावर महिन्याभरानेही प्लेटलेट कमीच असतील, तर यकृत आणि पांथरी पाहून घ्यावी.

राखीव क्षमता संपली की चित्र बदलते. पोटात पाणी होते, पायांना सूज येते. अन्ननलिकेतील फुगलेली शीर फुटून अचानक रक्ताची उलटी होते किंवा शौच डांबरासारखे काळे होते. अमोनियासारखी द्रव्ये मेंदूपर्यंत पोहोचून माणूस भ्रमिष्टासारखा वागतो आणि हात पुढे धरायला सांगितले तर पंजे फडफडतात. सिरॉसिसमधील कावीळही बहुधा याच टप्प्यावर दिसते, आणि तिला ‘उतरवण्या’साठी घालवलेला प्रत्येक आठवडा महाग पडतो. पोटात पाणी झालेल्या रुग्णाचे मीठ दिवसाला सुमारे ५ ग्रॅमपर्यंत आणावे लागते, म्हणजे लोणचे, पापड, फरसाण हे सारे बाजूला. मात्र त्याची डाळ, अंडी, दूध बंद करू नयेत. या रुग्णांचे स्नायू झिजत असतात, त्यांना निरोगी माणसापेक्षा जास्त प्रथिने लागतात आणि रात्री झोपण्यापूर्वी काहीतरी खाल्ल्याचा फायदा होतो. अंगदुखीसाठी औषधाच्या दुकानातून आणलेल्या आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्यांनी त्यांची मूत्रपिंडे बिघडू शकतात आणि रक्तस्रावही होऊ शकतो. शौचाला रोज दोन-तीन वेळा साफ झाले पाहिजे, म्हणून लॅक्ट्युलोजचे औषध नियमित द्यावे लागते. बद्धकोष्ठता हे भ्रम होण्याचे घरात सहज टाळता येण्यासारखे कारण आहे.

सिरॉसिसचे निदान झालेल्या प्रत्येकाने, पोटात पाणी नसले आणि डोळे पांढरेशुभ्र असले तरी, दर सहा महिन्यांनी पोटाची सोनोग्राफी करून घ्यावी, कारण यकृताचा कर्करोग लहान असताना सापडला तरच तो काढता येतो. अन्ननलिकेतील शिरा फुगल्या आहेत का, हे दुर्बिणीने पाहायचे की नाही ते डॉक्टरांना विचारावे. यकृतरोपणाचा विचार रुग्णाची तब्येत पूर्ण ढासळण्याआधी व्हावा लागतो, त्यामुळे पोटात पहिल्यांदा पाणी झाले त्याच सुमारास रोपण केंद्रात एकदा दाखवून नाव नोंदवण्याबाबत विचारपूस करावी. आणि सिरॉसिसचे कारण हिपॅटायटिस बी निघाले, तर रुग्णाची आई, भावंडे, जोडीदार व मुले या सर्वांची एचबीएसएजी ही रक्तचाचणी त्याच महिन्यात करून घ्यावी. ज्यांना संसर्ग झालेला नाही आणि प्रतिकारशक्तीही नाही त्यांना लस मिळेल, आणि ज्यांना संसर्ग आहे त्यांचे यकृत अजून शाबूत असताना त्यांच्यावर देखरेख सुरू होईल.